ओ-९ जुळेना: विषमज्वराच्या जीवाणूचं साखरेचं इरलं

ब्लड कल्चरच्या बाटलीतून वाढलेला जीवाणू सगळ्या जैवरासायनिक चाचण्यांत साल्मोनेला टायफी या विषमज्वराच्या (टायफॉइडच्या) जीवाणूसारखाच वागतो, पण ओ-९ अँटीसीरम (जीवाणूच्या अंगावरची ओ-९ ही खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचं द्रावण) टाकलं की काचेवरचा थेंब दुधाळच राहतो, दाणे धरत नाही. पावसाळ्यात रोज तापाचे नमुने बघणाऱ्या प्रयोगशाळेत हा पेच कधी ना कधी येतोच. नवखा तंत्रज्ञ इथे ‘टायफी नाही’ असं लिहून मोकळा होतो. जुना तंत्रज्ञ वॉटर बाथचं बटण दाबतो. पुढचं प्रकरण याच टप्प्याचं आहे. त्यातला रुग्ण शिकवण्यासाठी बेतलेला आहे. आकडे आणि निरीक्षणं विषमज्वरात नेहमी दिसणारीच आहेत.

रुग्ण आणि नमुना

वय २३, पुरुष, खानावळीत वाढपी. आठ दिवस ताप, संध्याकाळी जास्त चढणारा. डोकं जड, भूक गेलेली. पहिले चार दिवस पोट साफ नाही, मग दोन दिवस पातळ शौच. तपासताना ताप ३९.४ अंश सेल्सिअस, नाडी मात्र मिनिटाला ८८, म्हणजे तापाच्या मानाने मंद. जिभेवर पांढरा थर, प्लीहा बोटाला लागते. पांढऱ्या पेशी ४,२००, इओसिनोफिल शून्य, प्लेटलेट १ लाख ४० हजार, यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली. मलेरियाची स्मिअर आणि डेंग्यूची एनएस-१ चाचणी, दोन्ही निगेटिव्ह. सहाव्या दिवशी बाहेर केलेल्या विडालमध्ये (टायफॉइडविरुद्धचे प्रतिपिंड मोजणारी रक्तचाचणी) ओ १:८० आणि एच १:१६०. आपल्याकडे हे आकडे निरोगी माणसातही सापडतात, त्यामुळे त्यावरून ना हो म्हणता येतं, ना नाही. इओसिनोफिल शून्य असणं हा त्यापेक्षा बोलका धागा होता, पण पुरावा तोही नव्हे.

आणखी एक नोंद पुढे कामी आली. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांना दरवर्षी वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि आतड्याच्या तापांविरुद्धची लस तिच्या ठरलेल्या वेळापत्रकानुसार. या तरुणाला चार वर्षांपूर्वी टायफॉइडचं एक इंजेक्शन मिळालं होतं. नंतर एकही नाही.

पॅरासिटामॉलखेरीज औषध पोटात गेलं नव्हतं, हे नशीब. प्रतिजैविकाचे दोन डोस गेले असते तरी बाटली रिकामी राहण्याची शक्यता बरीच वाढली असती. रक्त दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत १० मिलिलिटर घेतलं. या मापात कंजुषी करू नये. विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तात मिलिलिटरमागे बहुधा एखादाच जिवंत जीवाणू असतो, आणि त्यातलेही बरेचसे पांढऱ्या पेशींच्या पोटात. दोन मिलिलिटर रक्त टाकून ‘वाढ नाही’ असा अहवाल देणं म्हणजे विहिरीत तांब्या बुडवून मासे नाहीत म्हणण्यासारखं. रक्त भरपूर घेतलं तरी साधारण दहातले सहा रुग्णच कल्चरमध्ये सापडतात. अस्थिमज्जेचं कल्चर दहातले आठ किंवा जास्त पकडतं, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते.

एक बाटली २२ तासांनी फ्लॅग झाली, म्हणजे यंत्राने वाढीची खूण दिली, दुसरी २६ तासांनी. ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी दांडे.

पाटीवर काय दिसलं

मॅककाँकी माध्यमावर दुसऱ्या दिवशी रंगहीन, फिकट, दोन-तीन मिलिमीटरच्या कॉलनी, म्हणजे लॅक्टोज न वापरणाऱ्या. ऑक्सिडेज निगेटिव्ह. टीएसआय नळीचा (तीन साखरा आणि लोह असलेलं तिरपं गोठवलेलं माध्यम) उतार लाल, बूड पिवळं, वायूचा एकही बुडबुडा नाही, आणि उतार व बूड यांच्या सांध्यावर बारीक काळी रेघ. या रेघेला बऱ्याच प्रयोगशाळांत ‘मिशी’ म्हणतात, आणि उपमा अगदी चपखल आहे. बहुतेक साल्मोनेला बूडच्या बूड काळं करतात. टायफी हायड्रोजन सल्फाइड बनवताना हात आखडता घेतो. इंडोल निगेटिव्ह, युरिएज निगेटिव्ह, सिट्रेट निगेटिव्ह, लायसिन डिकार्बोक्सिलेज पॉझिटिव्ह, ऑर्निथिन निगेटिव्ह. चलनक्षमता आहे.

इथवर टायफीशिवाय दुसरं नाव डोळ्यांसमोर येत नाही. मग काचेवरची चाचणी.

पहिला थेंब नेहमी नुसत्या सलाईनचा. त्यातच जीवाणू आपोआप गोळा होत असतील तर ती खरखरीत जात आहे आणि पुढचं काहीच वाचता येणार नाही. इथे सलाईन स्वच्छ दुधाळ होतं. पॉलिव्हॅलंट ओ सीरममध्ये अगदी पुसट दाणे, असून नसल्यासारखे. ओ-९ मध्ये मिनिटभर काच हलवूनही काही नाही.

पहिला संशय सीरमवर गेला, आणि तो योग्यच होता. बाटली वारंवार खोलीच्या तापमानाला राहिली की सीरम मरतं. म्हणून साल्मोनेला एंटरिटिडिसची ज्ञात जात घेतली. तिच्या अंगावरही ओ-९ असतो. ती काही सेकंदांत दाणेदार झाली. म्हणजे सीरम ठणठणीत होतं.

दुसरा संशय शिगेलावर. लॅक्टोज वापरत नाही, वायू बनवत नाही, साल्मोनेलाच्या सीरमशी जुळत नाही, हे सगळं शिगेलाचंही वर्णन आहे. पण शिगेला हलत नाही, तिला मिशी नसते, लायसिन ती निगेटिव्ह देते, आणि रक्तात ती क्वचितच सापडते. या तीन-चार खुणा समोर असतानाही केवळ ओ-९ निगेटिव्ह म्हणून शिगेला लिहिणं ही चूक घडते. घाईच्या दिवशी जास्त.

मग व्हीआय सीरम, म्हणजे टायफीवरच्या साखरेच्या आवरणाला ओळखणारं. थेंब पडल्या पडल्या ठळक, रव्यासारखे दाणे.

उकळणं

आता करायचं काम साधं आहे, पण नीट करायला हवं. ताज्या, निवडक नसलेल्या माध्यमावरची (न्यूट्रिअंट अगार किंवा ब्लड अगार) वाढ घ्यावी. थेट मॅककाँकीवरून घेतलेल्या वाढीची काचेवरची चाचणी भरवशाची नसते. १ मिलिलिटर निर्जंतुक सलाईनमध्ये घट्ट, ताकाइतकं दाट मिश्रण करावं. काचेच्या नळीचं झाकण सैल ठेवावं आणि नळी उकळत्या पाण्यात ठेवावी. मिश्रणाची पातळी बाहेरच्या पाण्याच्या खाली हवी, नाहीतर वरचा थर कोमटच राहतो. साधारण १० मिनिटं पुरतात. काही किटांच्या कागदावर जास्त वेळ दिलेला असतो, तिथे तो पाळावा. बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावं आणि मग पुन्हा तीन थेंब: सलाईन, व्हीआय, ओ-९.

या जातीचा निकाल उलटा झाला. व्हीआय निगेटिव्ह, ओ-९ काही सेकंदांत ठळक पॉझिटिव्ह, सलाईन स्वच्छ.

कुठे फसतं ते सांगायला हवं. वॉटर बाथचा आकडा ९५ दाखवतो आणि नळीतलं मिश्रण ७५ अंशांवर असतं, असं सर्रास होतं. मग व्हीआय अर्धवट उतरतं आणि दोन्ही सीरम पुसट निकाल देतात. अशा वेळी उकळण्याचा वेळ वाढवावा, निकाल ‘कमकुवत पॉझिटिव्ह’ म्हणून लिहून टाकू नये. दुसरी चूक, त्याच उकळलेल्या मिश्रणावर एच तपासणं. एच ही कशाभिकांची (जीवाणूच्या पोहायच्या शेपट्यांची) खूण; कशाभिका म्हणजे प्रथिन, उकळल्यावर त्या शिल्लकच राहत नाहीत. टायफीची एच-डी ही खूण कायम न उकळलेल्या, चांगली हालचाल करणाऱ्या वाढीवर बघायची. ती इथे पॉझिटिव्ह आली. हे पाऊल वगळता येत नाही, कारण ओ-९ एकट्या टायफीचा नाही. एंटरिटिडिस, डब्लिन आणि ‘ड’ गटातले बाकीचेही तो बाळगतात. तिसरी गोष्ट किटची: काही उत्पादकांच्या पॉलिव्हॅलंट सीरममध्ये व्हीआयचे प्रतिपिंड मिसळलेले असतात, काहींच्या नसतात. तुमच्या बाटलीत काय आहे हे न वाचता ‘पॉली पॉझिटिव्ह, ओ-९ निगेटिव्ह’ या जोडीचा अर्थ लावता येत नाही.

आणि सुरक्षितता. जिवंत टायफी काचेवर घासताना सूक्ष्म थेंब उडतात. प्रयोगशाळेतच विषमज्वर झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये, काच लगेच जंतुनाशकात.

अहवाल: साल्मोनेला एंटेरिका, सेरोव्हार टायफी. ओ-९ (उकळल्यानंतर), व्हीआय पॉझिटिव्ह, एच-डी पॉझिटिव्ह.

व्हीआय पॉझिटिव्ह आलं म्हणजे टायफीच, असंही नाही. पॅराटायफी सी, डब्लिनच्या काही जाती आणि सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडाय यांच्या अंगावर हीच साखर सापडते. सिट्रोबॅक्टर उकळला तरी ओ-९ देत नाही, शिवाय सिट्रेट पॉझिटिव्ह, लायसिन निगेटिव्ह आणि टीएसआयचं बूड काळंभोर. प्रयोगशाळेत तोतया ठरणारा हा जीवाणू लसीच्या कारखान्यात मात्र कामाला आहे. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीच्या टायफॉइड लसीतली व्हीआय साखर सिट्रोबॅक्टरपासूनच काढतात, कारण तो माणसाला टायफॉइड देत नाही आणि मोठ्या टाक्यांत वाढवायला सोपा आहे.

काचेला फसवलं कोणी?

ओ-९ म्हणजे जीवाणूच्या बाहेरच्या पटलावर उभ्या असलेल्या लायपोपॉलिसॅकराइडच्या साखळ्यांवरची एक विशिष्ट खूण. टायफी त्या साखळ्यांवर आणखी एक थर चढवतो. तो एकाच प्रकारच्या साखरेची लांबच लांब, फाटे न फुटणारी माळ असते: एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसॲमिन्युरॉनिक आम्लाचे मणी, अल्फा १-४ बंधाने ओवलेले, आणि बहुतेक मण्यांच्या तिसऱ्या कार्बनवर ॲसिटिल गट. प्रत्येक मण्यावर ऋण विद्युतभार. ही माळ चरबीच्या एका छोट्या नांगराने पटलाला अडकलेली असते. उकळल्यावर ती सुटून पाण्यात जाते आणि खालचा ओ-९ उघडा पडतो. म्हणून निकाल उलटला.

ॲर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांनी १९३४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हेच पाहिलं. काही टायफी जाती ओ सीरमला दाद देत नव्हत्या, आणि उंदरांसाठी त्याच जास्त जहाल होत्या. जहालपणा, म्हणजे व्हिरुलन्स, यावरून त्यांनी त्या घटकाला व्हीआय नाव दिलं. थोडक्यात, व्हीआयचा शोधच ‘ओ जुळेना’ या तक्रारीतून लागला. आज काचेवर अडलेला तंत्रज्ञ त्याच जागी उभा असतो.

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. काचेवर ओ-९ चे प्रतिपिंड आपल्या लक्ष्यापर्यंत पोचले नाहीत. रुग्णाच्या शरीरातही नेमकं तेच घडत होतं. साध्या साल्मोनेलाच्या, उदाहरणार्थ टायफिम्युरियमच्या, अंगावर नैसर्गिक प्रतिपिंड आणि पूरक प्रथिनांपैकी सी-३ बसतं. त्यातून सी-५ए नावाचा तुकडा सुटतो. तो न्यूट्रोफिल पेशींना हाक मारतो, आणि काही तासांत आतड्यात धावपळ सुरू होते. म्हणून टायफिम्युरियमचा जुलाब १२ ते ७२ तासांत सुरू होतो आणि शौचात न्यूट्रोफिल भरलेले असतात. व्हीआयच्या थराखाली सी-३ फारसं बसत नाही, हाक जात नाही. लायपोपॉलिसॅकराइड झाकलं गेल्यामुळे टीएलआर-४ हा पहारेकरीही उशिरा जागा होतो. विषमज्वर आठ ते चौदा दिवस मुरतो आणि मगच ताप चढतो. आपल्या रुग्णाला सुरुवातीला जुलाब न होता बद्धकोष्ठता होती, ती या शांततेला साजेशीच आहे.

इरलं कधी चढवायचं

कोकणात भातलावणीला उतरताना डोक्यापाठीवर इरलं घेतात. ते घरात कोणी घालून बसत नाही. टायफीचं वागणं असंच आहे, आणि हा भाग आवरणाहूनही चलाख आहे.

व्हीआय बनवण्याची दहा जनुकं व्हायाबी नावाच्या एका तुकड्यावर शेजारी शेजारी बसलेली आहेत. हा तुकडा सुमारे १ लाख ३४ हजार बेसजोड्यांच्या एका ‘बेटा’वर आहे, जे टायफीने बाहेरून कधीतरी उचललं. चार जनुकं माळ ओवतात, पाच ती बाहेर नेऊन ठेवतात, आणि पहिलं, टीव्हीआयए, हे मुकादम आहे. आतड्याच्या पोकळीत क्षारांचं प्रमाण जास्त असतं. तिथे टीव्हीआयए थंड असतं, आवरण नसतं, कशाभिका चालू असतात आणि पेशींत घुसण्याची सुईसारखी यंत्रणाही तयार असते. आतड्याच्या अस्तरातून आत शिरल्यावर क्षार कमी होतात. टीव्हीआयए जागं होतं, आवरण चढवतं, आणि त्याच वेळी कशाभिका व ती घुसखोर यंत्रणा दोन्ही बंद करतं. ही दुसरी कृती महत्त्वाची, कारण कशाभिकेचं प्रथिन, फ्लॅजेलिन, हा शरीरासाठी धोक्याची मोठी घंटा आहे. अंग झाकलं आणि घंटाही काढून ठेवली.

प्रयोगशाळेला याचा व्यावहारिक अर्थ असा, की मीठ जास्त असलेल्या माध्यमावर वाढवलेला टायफी व्हीआय कमी दाखवतो. मग ओ-९ न उकळताच जुळतो आणि व्हीआय निगेटिव्ह येतं. तीच जात, पण निकाल वेगळा.

आवरणासाठी जीवाणूने आणखी एक तडजोड केलेली आहे. इतर बऱ्याच साल्मोनेलांना ओ साखळ्या खूप लांब वाढवणारं एफईपीई नावाचं जनुक असतं. टायफीत ते मोडलेलं, निकामी आहे. संशोधकांनी ते दुरुस्त करून पाहिलं तेव्हा लांबच लांब ओ साखळ्या व्हीआयच्या थराबाहेर डोकावल्या आणि आवरणाचा उपयोग घटला. इरल्याखाली मावायचं तर उंची कमी हवी.

पण आवरण म्हणजेच विषमज्वर असं समजू नये. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मेरीलँड विद्यापीठाच्या स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात (तेव्हा ही माणसं तुरुंगातली कैदी होती, आज अशी परवानगी मिळणार नाही) सुमारे १ कोटी जीवाणू पाजल्यावर व्हीआय असलेल्या जातींनी साधारण निम्म्या लोकांना आजारी पाडलं, व्हीआय नसलेल्यांनी साधारण चौथ्या हिश्शाला. म्हणजे आवरणाने धोका दुप्पट केला, तरी उघड्या अंगाचा टायफीही निरुपद्रवी नव्हता. पाकिस्तानातल्या फैसलाबाद भागात रुग्णांच्या रक्तातून व्हीआय नसलेल्या जाती मिळाल्याची नोंद २००५ ची आहे. आणि पॅराटायफी ए तर कधीच व्हीआय बनवत नाही, तरी तोच रेंगाळणारा ताप देतो. म्हणून व्हीआय निगेटिव्ह आलं तर अहवाल थांबवू नये. ओ-९, एच-डी आणि जैवरासायनिक चाचण्या जुळल्या तर ‘टायफी, व्हीआय निगेटिव्ह’ असं स्पष्ट लिहावं.

लस घेतली होती ना?

रुग्णाच्या मालकाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर पुन्हा त्याच माळेत आहे. चार वर्षांपूर्वीचं इंजेक्शन शुद्ध व्हीआय पॉलिसॅकराइडचं होतं, २५ मायक्रोग्रॅम. नुसत्या साखरेची लांब माळ बी पेशींना थेट जागं करते, टी पेशींची मदत न घेता. त्यामुळे प्रतिपिंड बनतात पण स्मरण राहत नाही, आणि दोन वर्षांखालच्या मुलांत तर ती जवळपास कुचकामी ठरते. म्हणूनच ती दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यायची असते. या तरुणाची मुदत वर्षभरापूर्वीच संपली होती. मुदतीत असतानाही ती पूर्ण चिलखत नव्हती. कोलकात्यात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्यांत दोन वर्षांत ६१ टक्के संरक्षण मिळालं. त्याच वस्त्यांतल्या लस न घेतलेल्या शेजाऱ्यांनाही ४४ टक्के लाभ झाला, आणि खरं तर हा दुसरा आकडा जास्त विचार करण्याजोगा आहे.

तीच साखर एखाद्या प्रथिनाला जोडली की टी पेशी मदतीला येतात. धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडलेली संयुग्मी लस भारतात २०१३ मध्ये परवाना मिळून आली. मात्रा तीच, २५ मायक्रोग्रॅम, अर्धा मिलिलिटर, स्नायूत, वयाच्या सहाव्या महिन्यापासून, एकदाच. नेपाळमधल्या चाचणीत, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, ती सुमारे ८२ टक्के परिणामकारक ठरली. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांसाठी देशातली पहिली सार्वजनिक मोहीम घेतली आणि पहिल्या टप्प्यातच एक लाखाहून अधिक मुलांना ही लस मिळाली.

एकच साखर जीवाणूला लपवतेही आणि पकडूनही देते, कारण आवरणावरच प्रतिपिंड बसले तर मग लपायला जागा उरत नाही. पण पॅराटायफी ए वर यातली कुठलीही लस चालत नाही. त्याच्या अंगावर ती साखरच नाही. खानावळवाल्याला ‘आता टायफॉइड होणार नाही’ असं सांगताना एवढं वाक्य जोडायला हवं.

उपचार आणि नंतरचा पाठपुरावा

सेफ्ट्रिॲक्सोन संवेदनशील. ॲझिथ्रोमायसिनची एमआयसी (जीवाणूची वाढ रोखणारी किमान मात्रा) ८, म्हणजे मर्यादेत (१६ पर्यंत चालते). सिप्रोफ्लॉक्सॅसिन ०.५. साल्मोनेलासाठी ०.०६ किंवा कमी असेल तरच संवेदनशील म्हणायचं, त्यामुळे सिप्रो बाद. सेफ्ट्रिॲक्सोन रोज २ ग्रॅम शिरेतून सुरू केलं. चौथ्या दिवशीही ३८.५ ताप होता आणि औषध बदलायची भाषा सुरू झाली. बदललं नाही, ते बरं केलं. पेशींच्या आत लपलेल्या जीवाणूंमुळे योग्य औषधावरही ताप उतरायला पाच ते सात दिवस लागतात. सहाव्या दिवशी ताप गेला, एकूण १४ दिवस औषध दिलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोटदुखी, काळी शौच किंवा अचानक नाडी वाढणं याकडे लक्ष ठेवायला सांगितलं, कारण आतडं फाटतं ते याच सुमारास, कधी कधी ताप उतरल्यावरही.

वाढपी असल्यामुळे एवढ्यावर प्रकरण संपत नाही. शंभरातले एक ते पाच जण वर्ष उलटलं तरी शौचातून टायफी सोडत राहतात. जीवाणू पित्ताशयात, बहुधा खड्यांवर, घर करतो. शौचाचे सलग तीन नमुने निगेटिव्ह यायला हवेत: आजार सुरू होऊन महिना झाल्यावर, प्रतिजैविक संपून किमान ४८ तासांनी, दोन नमुन्यांत किमान २४ तास. नमुना सेलेनाइट ब्रॉथमध्ये वाढवून बिस्मथ सल्फाइट अगारवर टाकला, जिथे टायफी धातूसारखी चमक असलेली काळी कॉलनी देतो. पोटाच्या सोनोग्राफीत खडे नव्हते.

वाहक शोधण्यासाठी रक्तातले व्हीआय प्रतिपिंड मोजायची पद्धत आहे. दीर्घकाळ टायफी बाळगणाऱ्यांत ते चढे असतात. पण ज्याला व्हीआयची लस मिळाली आहे त्याच्या रक्तात ते लसीमुळेही असू शकतात. लसीकरण वाढलेल्या वस्तीत ही चाचणी आधार म्हणून वापरता येत नाही. या रुग्णात म्हणूनच ती केली नाही. तिन्ही शौच कल्चर निगेटिव्ह आली. मधल्या काळात त्याला वाढण्याऐवजी हिशेबाच्या टेबलावर बसवलं होतं. तिसरा अहवाल हातात आल्यावर तो पंक्तीत परतला.

जात साठवताना एक काळजी. टायफी पाटीवरून पाटीवर फिरवत राहिला की व्हीआय गमावतो, कधी एखाद्या जनुकातल्या बिघाडाने, कधी अख्खं बेटच निसटून. जुने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अपारदर्शक, आवरणवाल्या कॉलनीला व्ही रूप आणि अर्धपारदर्शक, उघड्या कॉलनीला डब्ल्यू रूप म्हणत. पाटीवर तिरपा प्रकाश टाकला की फरक दिसतो. म्हणून पहिल्याच उपसंवर्धनातून, अपारदर्शक कॉलनी उचलून, ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांना दोन कुप्या भरल्या आणि लेबलवर लिहिलं: व्हीआय पॉझिटिव्ह, ओ-९ फक्त उकळल्यावर.